पद सोडलेल्या अध्यक्षांनी कुठे बसावं?

प्रश्न: ताई, आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) संत विन्सेंट दि पॉल सोसायटीच्या, म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या संस्थेच्या, महिला कॉन्फरन्सची (स्थानिक शाखेची) मी यंदा अध्यक्ष झाले. आमच्याकडे तीन माजी अध्यक्षा आहेत. नुकत्याच पायउतार झालेल्या बाई दर सभेला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात, आणि आमची खजिनदार त्यांच्याकडे बघून हिशेब सांगते. मदत घेणारी कुटुंबं अजून त्यांनाच फोन करतात. दुसऱ्या बाई निवडणुकीनंतर सभेला फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या वयस्कर आहेत. न चुकता येतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. माजी अध्यक्षांची सल्लागार समिती नेमावी, असं काही जणींचं म्हणणं आहे. मी काय करू?
– एक भगिनी, वसई

उत्तर: समिती नेमू नका. अशी समिती झाली की प्रत्येक निर्णय दोनदा होतो, एकदा त्यांच्यात आणि एकदा सभेत, आणि नव्या सदस्या आधी त्यांचा चेहरा वाचायला शिकतात. सोसायटीच्या नियमावलीत अध्यक्षाला सेवक-नेता म्हटलं आहे. सेवेची मुदत संपली की ती बाई पुन्हा सदस्य होते, आणि सदस्य असणं ही काही खालची पायरी नव्हे. १८३३ साली पॅरिसमध्ये ही सोसायटी उभी राहिली, तेव्हा फ्रेडरिक ओझानाम अवघे वीस वर्षांचे होते. पहिले अध्यक्ष झाले एमान्युएल बायी. १८४४ मध्ये ते पायउतार झाल्यावर ज्यूल गोसँ आले. ज्यांना आज आपण संस्थापक म्हणून आठवतो ते ओझानाम संपूर्ण सोसायटीचे अध्यक्ष कधीच झाले नाहीत. गरिबांच्या घरी मात्र जात राहिले.

तरीही माजी अध्यक्षांजवळ एक गोष्ट असते जी तुमच्याजवळ नाही. ती वहीत लिहिलेली नसते. अमक्या घरी शिधा दिवसाउजेडी नेऊ नये, शेजारी बघतात म्हणून ती माउली कानकोंडी होते. तमक्या घरी रोख पैसे देऊ नयेत, औषधाचं बिल थेट दुकानात भरावं. एखाद्या घरी सुनेसमोर सासू काही बोलणार नाही, तिला ओट्यावर बोलावून विचारावं लागतं. ही माहिती सभेत सर्वांसमोर सांगायचीही नसते, कारण ती त्या कुटुंबाची अब्रू आहे.

मग ती हातात कशी यावी? सोबत जाऊन. घरभेटीला आपण दोघी-दोघी जातो, तो नियम इथे कामाला येतो. मी अध्यक्ष झाले तेव्हा माझ्या आधीच्या बाई मला एकेका घरी घेऊन गेल्या होत्या. एका घरी आजी सवयीने त्यांच्याशीच बोलायला लागल्या. बाईंनी आजींचा हात धरून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता ही येईल. मला सांगायचात ते सगळं हिला सांगा." पुढच्या खेपेला त्या माझ्याबरोबर आल्या नाहीत, दुसरी सदस्य आली. आजींचा फोन त्यांना गेला असणार, मला खात्री आहे, पण त्यांनी त्यावर परस्पर काही ठरवलं नाही. माजी अध्यक्षेकडून मला एवढीच अपेक्षा आहे, आणि ती फार मोठी आहे.

म्हणून तुमच्या शेजारी बसणाऱ्या बाईंना प्रेमाने, एकटीत, त्यांच्या घरी जाऊन सांगा: "मला ही सगळी घरं दाखवा, नाताळच्या आत." मुदत घालायला संकोचू नका. फोन आला तर "मी अध्यक्षांना कळवते" एवढंच त्यांनी म्हणावं, हेही तेव्हाच बोलून घ्या. खुर्चीचा विषय काढूच नका. पुढच्या सभेत खजिनदारबाईंना तुमच्या शेजारी बसवा आणि हिशेब तुम्ही स्वतः विचारा.

ज्या येत नाहीत, त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप टाकू नका. ग्रुपवर तर नकोच. घरी जा. "रागावलात का?" असं विचारलंत तर "नाही गं" हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी त्यांच्या काळात मदत सुरू झालेल्या एखाद्या कुटुंबाबद्दल खरोखरची अडचण विचारा: मुलगा शाळा सोडतोय, काय करावं? गरिबांची तळमळ असलेली बाई त्या प्रश्नाला पाठ दाखवत नाही. माझा अशा बायकांवर विश्वास आहे.

तिसऱ्या बाईंबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. १६१७ मध्ये फ्रान्समधल्या शातियों गावी संत विन्सेंट यांनी एका आजारी कुटुंबाविषयी प्रवचन केलं. गावातल्या बायका अन्न घेऊन निघाल्या, आणि एका दिवशी इतकं अन्न गोळा झालं की ते वाया जाणार हे उघड होतं. मग त्यांनी बायकांची संघटना बांधली आणि नियम लिहून दिले. आजाऱ्याशी हसतमुखाने बोलावं, त्याच्यासमोर रुमाल अंथरावा, वाटी-चमचा मांडावा, त्याचे हात धुवावेत, इतक्या बारकाईने. त्यात एक नियम असा: ज्याच्याजवळ कुणी आहे त्याच्यापासून सुरुवात करावी आणि एकट्या आजाऱ्याकडे शेवटी जावं, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येईल.

अध्यक्षाला नेमकं हेच जमत नाही. तिला सभा असते, फादरांना भेटायचं असतं, शिध्याचा टेम्पो यायचा असतो. आपल्याकडे मुलं कॅनडात, आखातात आणि आई-बाप मोठ्या घरात दोघं, नाहीतर एकटेच, अशी घरं किती आहेत! तिथे पैशाची गरज नसते. या बाईंना तशी दोन घरं द्या, सोबत एक तरुण सदस्य द्या, आणि दर सभेत त्यांच्याकडून त्या भेटीचा अहवाल घ्या. त्या गप्प राहतात, कारण त्यांना विचारायला कुणाकडे काही उरलं नाही असं त्यांना वाटत असावं.

आणि बँकेच्या खात्यावर अजून जुन्या अध्यक्षांचीच सही असेल तर ते काम याच आठवड्यात उरका. सभेत ठराव करा, इतिवृत्तात नोंदवा, आणि त्याची प्रत घेऊन जुन्या-नव्या दोघी मिळूनच बँकेत जा.