बूल यांचे बीजगणित

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासात ‘अ गुणिले अ बरोबर अ’ असा नियम शिकवतात. तो पाठ झाला, पण पटला नाही. बूल कोण होते आणि त्यांनी असे का मांडले?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, कारण येथे ‘अ’ ही संख्या नसून निवड आहे. मंडईत मिरच्यांच्या ढिगातून तुम्ही लाल मिरच्या वेगळ्या काढल्या आणि त्या वाट्यातून पुन्हा लालच निवडायला बसलात, तर हाती तोच वाटा राहतो. दोनदा निवडणे म्हणजे एकदाच निवडणे. नेहमीच्या संख्यांपैकी ० आणि १ एवढ्याच हा नियम पाळतात, म्हणून बूल यांनी ० म्हणजे ‘काहीच नाही’ आणि १ म्हणजे ‘सर्व काही’ असा अर्थ लावला. मला त्यांच्या कामातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

जॉर्ज बूल १८१५ मध्ये इंग्लंडमधील लिंकन येथे, जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मले. विद्यापीठाची पदवी नसताना, शाळेत शिकवत त्यांनी स्वतःच गणित आत्मसात केले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. तर्कशास्त्रावरील त्यांचा मुख्य ग्रंथ १८५४ चा. (त्यांच्या पत्नी मेरी या, ज्यांचे नाव हिमालयातील सर्वोच्च शिखराला दिले गेले, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी.) १८६४ मध्ये पावसात भिजून वर्गावर गेल्यानंतर ते आजारी पडले आणि ४९ व्या वर्षी वारले. विजेच्या स्विचांची जोडणी याच बीजगणिताने मांडता येते, हे अमेरिकी गणितज्ञ व अभियंते क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवले.