परवाना मामाचा, चाप भाच्याने ओढला: जबाबदारी कोणाची?

नागपूरच्या एका निवृत्त वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा सारांश असा. वर्धा रोडवरील एका लॉनवर भाचीचे लग्न होते. वरात दारात आली तेव्हा एकोणीस वर्षांच्या भाच्याने त्यांचे परवान्याचे पॉइंट बत्तीस बोअरचे रिव्हॉल्वर मागून घेतले आणि हात वर करून एक गोळी झाडली. ती स्वयंपाकाच्या शेडच्या पत्र्याला लागली आणि उडालेल्या तुकड्याने केटररकडच्या एका कामगाराच्या दंडाला दोन टाके पडले. त्याला दवाखान्याचा खर्च आणि वर काही रक्कम देण्यात आली. आता त्या प्रसंगाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. बहीण आणि मेहुणे म्हणतात की परवाना मामांचा आहे, तेव्हा गोळी मामांनीच झाडली असे सांगावे. वाचकांच्या घरचे म्हणतात की भाच्याने गाडीतून न विचारता शस्त्र नेले असे सांगावे. त्यांचा पहिला प्रश्न, चाप मी ओढला नाही तर मी दोषी कसा? दुसरा, दोहोंपैकी काय सांगावे? तिसरा, रद्द होण्याआधी परवाना मुलाच्या नावावर करता येईल काय?

महोदय, आपले पत्र वाचल्यावर प्रथम हे नोंदवणे भाग आहे की या प्रसंगात एक नव्हे तर दोन स्वतंत्र कृत्ये घडली आहेत आणि कायदा त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडतो. गोळी झाडणे हे भाच्याचे कृत्य आहे. भरलेले शस्त्र त्याच्या हाती देणे हे आपले. भाच्याचे कृत्य आपल्याला अंगावर घेता येत नाही आणि आपले कृत्य त्याच्यावर ढकलता येत नाही.

आपल्या कृत्यापुरते बोलायचे तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २९ नुसार, समोरच्या व्यक्तीला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे याची आधी खात्री न करता ते तिच्या ताब्यात देणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भाच्याबाबत अशी खात्री होण्याची शक्यताच नव्हती, कारण कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगण्यास मनाई आहे. परवान्याच्या अटींचा भंग झाल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हा भाग त्याखेरीज. ‘मी शेजारीच उभा होतो’ असे आपण लिहिता, आणि हा बचाव मी अनेक परवानाधारकांच्या तोंडून ऐकला आहे. कलम ३ मध्ये परवानाधारकाच्या उपस्थितीत दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत आहे हे खरे, परंतु ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी आहे. भाच्याच्या हौसेसाठी ती नाही.

भाच्यावरची जबाबदारी अधिक जड आहे. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये नववे पोटकलम आले. त्यानुसार बेदरकारपणे, हयगयीने किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्पष्टीकरणात लग्नसमारंभाचा नावानिशी उल्लेख असल्याने ‘आमच्याकडे लग्नात बार काढण्याची रीतच आहे’ हे आपले वाक्य पोलिसांपुढे उच्चारू नये, कारण ते बचाव न ठरता कबुलीजबाब ठरेल. याशिवाय विनापरवाना ताब्यासाठी कलम २५(१ब) आणि कामगाराच्या दुखापतीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ लागू शकते. काही क्षण हातात असणे म्हणजे ‘ताबा’ होतो काय, यावर त्याच्या वकिलांना युक्तिवाद करता येईल. तो त्यांचा प्रश्न आहे.

इजा दोन टाक्यांवर निभावली हा निव्वळ योगायोग समजावा. भगवान सिंग विरुद्ध उत्तराखंड राज्य या २०२० च्या निकालात लग्नातील अशाच गोळीबारात, बंदूक छताकडे रोखलेली असतानाही, दोन जीव गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर आणला, तरी दहा वर्षांची शिक्षा ठोठावली, कारण गर्दीत भरलेली बंदूक चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव असतेच असे न्यायालयाने मानले.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्या पत्रातला खरा पेच हाच आहे. दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिले गेले असतील, पण दोन्ही आपल्याला नव्या गुन्ह्यात ओढतात. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हे संहितेच्या कलम २३८ व २४० च्या कक्षेत येते; भाच्याने शस्त्र चोरले अशी खोटी तक्रार केल्यास कलम २१७ आड येते. शिवाय व्हिडिओत हात कोणाचा आहे हे दिसते, हे आपणच लिहिले आहे. आपल्या घरांतून शस्त्राकडे घराण्याची मालमत्ता म्हणून पाहण्याची सवय असते, शेतावरच्या ट्रॅक्टरसारखी, जो रिकामा असेल त्याने चालवावा. त्याच सवयीतून ‘कोणाचे नाव सांगितले तरी घरातच राहते’ हा विचार येतो. परवान्यावर मात्र एकट्या आपले छायाचित्र आहे.

म्हणून आपण खोटे काहीच सांगू नये, आणि खरे काय व किती सांगायचे हे वकिलाशी बोलल्यावर ठरवावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, म्हणून मौन हा आपला हक्क आहे. भाच्यासाठी आणि आपल्यासाठी वकील वेगवेगळे असावेत, कारण आपल्या दोघांचे हित पुढे एकमेकांच्या विरोधात जाऊ शकते. बहिणीला हे ऐकून वाईट वाटेल, तरी यात तडजोड नको. अटकेची भीती असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली जिल्हा व सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

रिव्हॉल्वर पुसू नये, झाडलेली पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेले काडतुसाचे रिकामे कवच, टाकू नये आणि तिच्या जागी नवे काडतूस भरून हिशेब जुळवू नये. रिव्हॉल्वरची पुंगळी आपोआप बाहेर पडत नाही, ती चक्रीतच राहते, त्यामुळे ती आपल्याच हाताने काढली गेली असे तपासात सहज निघेल. वकिलामार्फत लेखी पत्रासह शस्त्र, काडतुसे आणि पुंगळी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. ओळखीच्या शस्त्रविक्रेत्याकडे ठेवण्याचा मोह टाळावा, कारण आज ते पुरावा लपवल्यासारखे दिसेल.

कामगाराला दिलेले पैसे योग्यच होते, त्याची मजुरी बुडाली असेल तर तीही द्यावी. परंतु ‘काही घडलेच नाही’ असा कागद त्याच्याकडून लिहून घेतला असल्यास तो कोठेही दाखल करू नये. शस्त्र अधिनियमाखालील गुन्हे दखलपात्र आहेत, पोलीस केवळ व्हिडिओवरूनही गुन्हा नोंदवू शकतात, आणि कामगाराने माफ केल्याने ते मिटत नाहीत.

परवान्याबाबत फार आशा देता येत नाही. शस्त्र नियम, २०१६ सार्वजनिक ठिकाणी गोळी झाडण्यास मनाई करतात आणि अधिनियमाच्या कलम १७ खाली अटींचा भंग झाल्यास परवाना निलंबित वा रद्द करता येतो. शहर हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. नोटीस आल्यास मुदतीत उत्तर द्यावे. आदेश विरुद्ध गेल्यास कलम १८ खाली अपील आहे.

मुलाच्या नावावर परवाना ‘करून देणे’ असे काही कायद्यात नाही. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर वारसाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, त्याचीही पोलीस पडताळणी होते, आणि या प्रकरणाची चौकशी चालू असताना केलेला अर्ज संशयच वाढवील. तो आत्ता करू नये. वकिलाच्या भेटीला जाताना मूळ परवाना, काडतुसे खरेदीच्या पावत्या आणि मूळ व्हिडिओ असलेला फोन, काहीही न पुसता, सोबत न्यावा.