इंदूरला आम्ही हौसेने मराठी स्पेलचेकर करतोय. शब्दयादीत शिव्या ठेवायच्या का?

ठेवा, फक्त सुचवू नका. हनस्पेल या स्पेलचेकर प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘नोसजेस्ट’ फ्लॅग, म्हणजे शब्दाला लावायची खूण, आहेच: शब्द नीट लिहिला तर लाल रेघ येत नाही, पण चुकलेल्या शब्दाला पर्याय म्हणून तो पुढे येत नाही. मुलाने निबंधात ‘भाडे’ चुकवलं आणि भलतंच वर आलं, तर पालक तुम्हालाच धरतील!

जातिवाचक शब्दही कादंबरी टाइप करणाऱ्याला लागतात, तेव्हा त्यांनाही तोच फ्लॅग. नमुना वाक्यांत कुणाच्या जातीची किंवा बायकांची टिंगल असेल तर मात्र सरळ उडवा, तिथे ‘गंमत होती’ चालवून घेऊ नका.

शब्दागणिक मतदान नको. तुमच्या सराफा बाजारातली रात्रीची खवय्यांची गर्दी पांगेल, तुमचा वाद संपणार नाही. दोघातिघांना अधिकार द्या, त्यात एखादी बाई हवीच.