हप्ता, शिल्लक आणि आखाजीचा डबा

भाऊ, कापसाचे पैसे हातात आले की सगळे गृहकर्जात भरून मोकळं व्हायची घाई करू नका. आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते एफडीत बाजूला काढा. कर्जात भरलेला पैसा दवाखान्याच्या वेळी परत मागता येत नाही.

मग हिशेब बघा. 25 लाख, 8.5 टक्के, 20 वर्षं: हप्ता साधारण 21,700 रुपये. पहिल्या हप्त्यातले 17,708 व्याजातच जातात, मुद्दल फिटतं जेमतेम चार हजार. म्हणून जादा भरणा सुरुवातीच्या वर्षांतच करा. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी फिटतं. भरताना बँकेला लेखी द्या, 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.' नाहीतर कधी हप्ताच कमी होतो आणि व्याजाची बचत थोडकी राहते.

एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी ठरलेली रक्कम, छोटी असली तरी थांबवू नका. सोनं हौसेनं घ्या, पण मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवीचे रोट असतात, थंडीत मळ्यात भरीत-पुरी होते. याचा डबा वेगळा, दरमहा दोन हजार. तो नसला की हाच खर्च क्रेडिट कार्डावर जातो आणि तिथलं थकबाकीचं व्याज बहुधा गृहकर्जाच्या चौपट असतं.