तुर्कीतल्या धबधब्यात डुंबायचंय? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : ताई, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अंताल्याला चाललोय. मी, नवरा, 14 आणि 9 वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. टूरवाल्याने दुदेन आणि कुर्शुनलू असे दोन धबधबे दिलेत, पण पोरांना पाण्यात उतरायचंय, नुसते फोटो नकोत. जंगलातून चालत जाऊन पोहता येईल अशी जागा आहे का? पावसाळाच असेल ना तेव्हा, पाणी भरपूर असेल? (नाशिक)

उत्तर : आधी पावसाळ्याचं बोलू, कारण तिथे सगळं उलटं आहे. आपल्या डोक्यात धबधबा म्हणजे जुलै-ऑगस्ट हे इतकं पक्कं बसलेलं असतं की आपण सुट्टीही तशीच लावतो, पण तुर्कीच्या भूमध्य किनाऱ्यावर पाऊस पडतो हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, आणि जुलै-ऑगस्ट अगदी कोरडे ठणठणीत. वर तोरोस डोंगरांवर बर्फ साठतं, ते वसंतात वितळतं, म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत धबधबे फॉर्मात असतात. तारखा हलवता आल्या तर मेअखेर किंवा जूनची सुरुवात बघा. नाही जमलं तरी हिरमुसू नका, ऑगस्टमध्ये धार बारीक होते पण पोहायच्या जागा आटत नाहीत, कारण तो सगळा चुनखडीचा डोंगर आहे, आत मुरलेलं पाणी झऱ्यांतून येत राहतं.

तुमच्या टूरमधले दोन्ही धबधबे बघायला छान आहेत. खालचा दुदेन तर साधारण 40 मीटरच्या कड्यावरून थेट समुद्रात पडतो. पण पोहणं विसरा, कुर्शुनलूला पाण्यात उतरायला बंदीच आहे. पाटीवर वाय ए एस ए के अशी अक्षरं दिसली, म्हणजे यासाक, की काठावरच थांबायचं, शेजारी चार लोकं उतरलेली असली तरी.

तुम्हाला हवी ती जागा म्हणजे ग्योय्नुकची घळ, तिथले लोक कान्योन म्हणतात. अंताल्याहून केमेरकडे जाणाऱ्या समुद्रकाठच्या हायवेवर ग्योय्नुक गाव लागतं, केमेरच्या मिनीबस तिथूनच जातात, ड्रायव्हरला नुसतं ग्योय्नुक कान्योन म्हटलं तरी फाट्यावर उतरवतो. तिथून आत काही किलोमीटर रस्ता आहे, सासूबाई आणि धाकटं सोबत असताना तो उन्हात तुडवू नका, टॅक्सी करा. तिकीट काढून आत गेलात की पुढची चाल पायीच, मुलांना घेऊन तासभर तरी धरा, चढ आहे पण दमछाक करणारा नाही. एका बाजूला ओढा, दोन्हीकडे पाइनचं जंगल, आणि ओढ्याच्या पात्रात गुलाबी फुलांची झुडपं दिसतील ती आपली कण्हेरच, तिथे जंगली वाढते. मुलांना आधीच सांगून ठेवा की तोडायची नाही, काडी तोंडात घालायची नाही, विषारी ती तिथेही तितकीच आहे. मधेमधे दगडांवर, झाडांवर लाल-पांढरे पट्टे दिसतात, ती लिसियन वेची खूण, 1999 मध्ये आखलेली 500 किलोमीटरहून लांब पायवाट आहे ती. पट्ट्यांऐवजी फुली दिसली तर तुम्ही चुकीच्या वाटेला लागलात.

सुरुवातीलाच हिरव्या-निळ्या पाण्याचा डोह आणि जवळ खायची-बसायची सोय आहे, सासूबाईंना तिथेच सावलीत चहा घेत बसू दे, उगाच वरपर्यंत ओढू नका. वर घळीच्या तोंडाशी हेल्मेट, लाइफ जॅकेट, वेटसूट भाड्याने मिळतात. कितीही चांगलं पोहता येत असलं तरी हे घ्याच. आत भिंती जवळ येतात, ऊन पोचत नाही, कुठे गुडघाभर तर कुठे पाय टेकत नाहीत, आणि पाणी इतकं गार की बाहेर 35 डिग्री असताना पहिल्या मिनिटाला दात वाजतात. शेवटी छोटा धबधबा लागतो. 14 वर्षांच्याला धमाल येईल. धाकट्याचं तिथल्या माणसांना विचारून ठरवा, ते नको म्हणाले तर वाद घालू नका, खालच्या डोहात तो तितकाच खूश होईल. वर डोंगरावर ढग जमलेले दिसले तर मात्र कुणीच आत जायचं नाही, घळीत पाणी वाढलं तर पळायला जागाच नसते. भुशी डॅमच्या वरच्या ओढ्यात 2024 मध्ये काय झालं ते आपण बघितलंय.

अजून एक, उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने तिथलं प्रशासन काही जंगलांत प्रवेश बंद करतं, 2021 मध्ये मानवगातकडे भयंकर आगी लागल्या होत्या. म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलवर विचारा की वाट उघडी आहे का. काडेपेटी, सिगरेट काही पेटवायचं नाही. इमर्जन्सी नंबर 112.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी फेथियेला जाणार आहोत, रीलमध्ये केलेबेकलर वादिसी, म्हणजे ती फुलपाखरांची दरी बघितली, आत धबधबा पण आहे. वरच्या फराल्या गावातून दोर धरून खाली उतरता येतं म्हणे. हरिश्चंद्रगड, कलावंतीण सगळं केलंय आम्ही. उतरावं का? (ठाणे)

उत्तर : नाही. गड केलेत त्याचं कौतुक आहे, पण ती वाट म्हणजे शेकडो मीटर उंच कड्यातली उतरंड आहे, दगड सुटे, चुनखडी घासून गुळगुळीत झालेली, आणि दोर कुणी कधी बांधलेत देव जाणे. तिथे पडून माणसं गेलेली आहेत. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या कातळावर बुटाची जी पकड बसते तिच्या भरवशावर राहू नका. ओल्युदेनिझहून बोट जाते, तिने थेट दरीच्या किनाऱ्यावर उतरा, आतल्या धबधब्यापर्यंत चालत जा, त्यातही शेवटी दगडांवरून चढउतार आहेच, तेवढं थ्रिल बास. उन्हाळ्यात धबधबा अगदी बारीक असतो, रीलवाला पाण्याचा लोट वसंतातला समजा. परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या, समुद्र खवळला तर बोटी थांबतात. वरून बघायचंच असेल तर फराल्याच्या कड्यावरून दिसते दरी, फक्त सेल्फीसाठी काठावर जाऊ नका.

प्रश्न : मी स्विमसूट घालत नाही. लेगिंग-टीशर्टवर उतरलं तर तिथे लोक हसतील का? आणि चपला चालतील? (कोल्हापूर)

उत्तर : कुणी बघणारही नाही. तुर्कीत एकाच डोहात बिकिनीवाली आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला स्विमसूट घातलेली बाई अशा दोघी शेजारी शेजारी पोहताना दिसतात. फक्त सुती कपडे नकोत, भिजले की जड होतात आणि वाळत नाहीत, ओढणी-सलवार तर अजिबात नको, पाण्यात पायात अडकते. चपलांचं मात्र साफ नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट स्वस्तात मिळतात, ते घ्या, पण जंगलातल्या चालीला वेगळे साधे स्पोर्ट्स शूज ठेवा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. अशा जंगलातल्या ठिकाणी उपाशीच राहावं लागेल का? तिकिटाला किती लिरा ठेवू? (पुणे)

उत्तर : उपाशी कशाला! वाटेवरच्या टपऱ्यांवर ग्योझलेमे मिळतं, बायका समोर बसून पातळ पोळी लाटतात आणि आत सारण भरून तव्यावर भाजतात, आपल्या पराठ्याचं लांबचं नातेवाईक म्हणा. पेयनिरली म्हणजे चीजचं, इस्पनाक्ली पालकाचं, पातातेसली बटाट्याचं. क्यमाली म्हणजे खिम्याचं, ते टाळा. शंका आली तर एतसिझ म्हणा, म्हणजे मांस नको. सोबत आयरान घ्या, खारट ताक. कांदा-लसूण पण नको असेल तर थोडे ठेपले बरोबर ठेवलेले बरे, पिशवी तेवढी परत आणा.

लिराचा आकडा मी मुद्दाम देत नाही, तिथे महागाई अशी आहे की गेल्या वर्षीचं तिकीट यंदा लागू पडेल याची खात्री नाही. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, मिनीबस आणि टपरीसाठी थोडी रोकड ठेवा.