पाळी गेल्यावर डाग दिसला, म्हणून गर्भपिशवीच काढायची का?

62 वर्षांच्या काकू मुलीला घेऊन आल्या. पाळी जाऊन 10 वर्षं झालेली, महिन्याभरात दोनदा लाल डाग, सोनोग्राफीत पिशवीचं आतलं अस्तर 9 मिमी. काकूंचं ठाम म्हणणं, "आता त्या पिशवीचा उपयोग काय? दुर्बिणीतून काढून टाका, कटकट मिटेल." मुलीचीही मान डोलत होती.

असं अनेकजणी म्हणतात, आणि त्यामागची भीती खरी असते. तरी घाई करू नये. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं आणि अस्तर 4 मिमीपेक्षा जाड असलं, तर आधी दुर्बिणीतून आत पाहून अस्तराचा तुकडा तपासायचा. साधारण दहापैकी नऊ जणींत कॅन्सर निघत नाही. सुकलेलं अस्तर किंवा पॉलिप, म्हणजे अस्तराची छोटी वाढ, सापडतो. पण कॅन्सर असेल, तर शस्त्रक्रियेचा बेतच बदलतो. आजूबाजूच्या लसिका गाठी तपासाव्या लागू शकतात आणि पिशवी तुकडे न करता अखंड बाहेर काढावी लागते. न तपासता पिशवी काढली आणि नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, तर दुसरं ऑपरेशन मागे लागू शकतं.

"दुर्बीण म्हणजे पोटाला भोकं ना?" काकूंनी विचारलं. ही दुर्बीण वेगळी. 3 ते 5 मिमीची नळी योनिमार्गातून आत जाते, पोटावर एकही टाका नाही. सलाइनने पिशवी फुगवून आतलं सगळं पडद्यावर पाहतात. नुसत्या क्युरेटिंगमध्ये, म्हणजे पिशवी आतून खरवडण्यात, पॉलिप निसटू शकतो, कारण ते आंधळेपणाने केलेलं असतं. या वयात पिशवीचं तोंड आक्रसलेलं असतं. जोर लावला तर पिशवीला भोक पडू शकतं, म्हणून तोंड हळूहळू रुंद करतात. किती सलाइन आत गेलं, किती परत आलं, याचा हिशोब ठेवतात. 2.5 लिटरचा फरक पडला की थांबायचं. हृदयाचा त्रास असेल तर त्याच्याही बरंच आधी. त्यामुळे बीपी, हृदय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेलं टॅमोक्सिफेन, सगळं आधीच सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

काकूंना दीड सेंटिमीटरचा पॉलिप निघाला. तो मुळापासून काढला, संध्याकाळी त्या घरी गेल्या. रिपोर्ट साधा आला, पिशवी राहिली.

यानंतर थोडे दिवस हलका डाग चालतो. ताप, दुर्गंधी, वाढती पोटदुखी किंवा तासाला पॅड भिजणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पुढे कधीही पुन्हा डाग दिसला, तर "मागे तपासलंय" म्हणून घरी थांबू नका.