स्वसंरक्षणाचा शस्त्र परवाना रद्द झाला तर हाताशी असावा म्हणून नेमबाजीचाही काढून ठेवू का? (राहणार ठाणे)

त्यासाठी असेल तर उपयोग नाही. 2016 च्या शस्त्र नियमांपासून एका माणसाला एकच युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), सगळी शस्त्रं त्याखालीच नोंदतात. शिवाय ठाणे शहरात दोन्ही अर्ज पोलीस आयुक्तालयातच. गुन्हा नोंदला गेला, तर पोलीस काय एकच पान बघणार आहेत? शस्त्रं दोन हवीत एवढंच असेल, तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मर्यादाच दोनची आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावाच्या पॉइंट टू-टू रायफलीपुरती त्यात सूट मिळते. पण त्यासाठी खरंच नेमबाजी करावी लागते हो, नुसतं सदस्यत्वाचं कार्ड खिशात ठेवून भागत नाही. त्यापेक्षा आहे त्या परवान्याचं नूतनीकरण चुकवू नका.